बासमतीने चढलेला डोंगर

कॅस्मिर तुस्कानोने जन्मात कधी पायात स्की अडकवली नाही आणि अडकवायची हौसही धरली नाही. वसईजवळच्या भुईगावचा माणूस, केळीच्या बागा आणि खाऱ्या वाऱ्यात वाढलेला. थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे चर्चमध्ये मिस्साला जाताना आईने बळेबळे गुंडाळलेली शाल, एवढीच त्याची कल्पना. असा माणूस वाळवंटात बर्फाच्या डोंगरावर लिफ्ट उभारतो, यात नवल करण्यासारखं खरं तर काही नाही. गल्फमध्ये आपल्याला काय येतं हे कुणी फारसं विचारत बसत नाही. जे काम मिळेल ते धरायचं, मग ते आपोआप येऊ लागतं.

त्याला येत होतं ते वायर रोपचं, म्हणजे पोलादी दोराचं काम. आयटीआयमधून फिटर होऊन तो मुंबईच्या गोदीत क्रेनवर लागला आणि तिथून दुबईला टॉवर क्रेनवर आला. बायको लिली आणि मुलगी कॅमिला यांच्यासह शारजाच्या अल मजाजमध्ये भाड्याने राहू लागला. घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं तर खालिद लगूनचं पाणी दिसायचं. घर दाखवताना एजंटने 'लेक व्ह्यू' म्हणून सांगितलं होतं आणि कॅस्मिरही गावच्या पत्रांत तेच लिहायचा.

दोन हजार आठ साल संपताना क्रेन थांबल्या. आज एक, उद्या दोन, असं करत करत सगळं आभाळ उभ्या क्रेननी भरून गेलं आणि त्यांच्याखाली काही हलेनासं झालं. कॅस्मिरच्या कंपनीने निम्म्याहून जास्त माणसं घरी पाठवली. याचंही नाव त्या यादीत चढायच्या बेतात होतं, तेवढ्यात त्याला एक विचित्र नोकरी मिळाली.

शहराबाहेर वाळूच्या मैदानात 'व्हाइट पीक' नावाचं बर्फाचं रिसॉर्ट होत होतं. छताखालचा आल्प्सच म्हणायचा. कागदावर त्यात पाच उतार होते, लाकडी घरांचं खेडं होतं आणि मधोमध मोठं हॉटेल होतं. मंदीने गाठलं तेव्हा तयार होते फक्त दोन हॉल. एकात शिकाऊ लोकांचा बुटका उतार, तो चालू झालेला. दुसऱ्यात खरा डोंगर, उंच, देखणा आणि रिकामा. रिकामा अशासाठी, की त्या डोंगरावर जायची वाट हॉटेलच्या आतून होती आणि हॉटेल तर रद्द झालं होतं. एवढा पैसा ओतून डोंगर बांधला आणि तिथे पोचायची सोयच नाही म्हटल्यावर मालकाने डोक्याला हात लावला. शेवटी असं ठरलं, की शिकाऊ उतारावरून चेअरलिफ्ट काढायची, दोन हॉलमधल्या भिंतीला भोक पाडायचं आणि माणसांना खुर्चीत बसवून थेट डोंगराच्या माथ्यावर नेऊन सोडायचं.

या लिफ्टच्या उभारणीवर कॅस्मिर सुपरवायझर झाला. प्रोजेक्ट मॅनेजर अहमद जॉर्डनचा होता, पण वीस वर्षं आपल्या माणसांत काढल्यामुळे हिंदी झकास बोलायचा. त्याने पहिल्याच दिवशी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

"हबीबी, ये लिफ्ट पास हुआ, सीझन में डोंगर चालू, सब लोग रहेगा. लिफ्ट फेल, तो रिसॉर्ट बंद. तुम खलास, मैं भी खलास."

खलास म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हे. नोकरीबरोबर व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागतो. लिफ्टची परीक्षा होती पुढच्या डिसेंबरात, आणि तोवर कॅमिला दहावीला पोचली होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. शाळा इथली, विषय इथले, फॉर्मही इथूनच भरलेला. डिसेंबरात उचलून वसईला नेली तर पोरीचं वर्ष बुडणार, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. तिच्या वर्गातली बाकं तशीही रिकामी होत चालली होती. सोमवारी शेजारी बसलेली मैत्रीण पुढच्या आठवड्यात नसायची. निरोप घ्यायलाही कुणाला सवड मिळत नव्हती.

कॅस्मिरने यातलं अक्षरही घरी सांगितलं नाही. उलट एकदा जेवताना, कुणी विचारलं नसताना म्हणाला, "माझी नोकरी पक्की आहे हां. हे काम दोन-तीन वर्षं तरी हलत नाही."

"बरं झालं," लिली म्हणाली आणि तिने त्याला आमटी वाढली. कॅमिला पुस्तकात डोकं घालून होती. आपण घरच्यांची काळजी मिटवली, या समाधानात कॅस्मिर त्या रात्री जरा जास्तच जेवला. असल्या बाबतीत नवरे भाबडेच असतात.

ज्याच्यापाशी मन मोकळं करता येईल असा एकच माणूस होता, खालच्या मजल्यावरचे राजाभाऊ पेंडसे. पुण्याचे, एका फूडस्टफ कंपनीचं गोडाऊन सांभाळणारे. संध्याकाळी दोघे लगूनच्या कडेने फेऱ्या मारायचे. मारायचे म्हणजे कॅस्मिर चालायचा आणि राजाभाऊ तांदळाबद्दल बोलायचे. हॉटेलं ओस पडली, बासमती कुणी उचलेना, गोडाऊन छताला टेकलंय, पाय ठेवायला जागा नाही. कॅस्मिर 'हो हो' म्हणत ऐकून घ्यायचा. दुसऱ्याचं रडगाणं ऐकलं की आपलं तेवढ्यापुरतं विसरायला होतं.

लिफ्टचं काम मात्र नेटाने पुढे सरकत होतं. खांब उभे राहिले. भिंतीला भोक पडलं. वायर रोप वर ओढून घेतला आणि त्याची दोन टोकं एकमेकांत विणून सांधली. त्या जोडावर कॅस्मिर स्वतः बसला होता, बोटं बधिर होईपर्यंत. मग खुर्च्या लटकल्या. एका खुर्चीत चार माणसं बसतील अशा. उरली होती लोड टेस्ट.

लोड टेस्ट म्हणजे माणसं बसवण्याआधी माणसांइतकं वजन खुर्च्यांवर लादायचं, लिफ्ट चालवायची आणि मध्येच कचकन ब्रेक मारून बघायचं, की सगळं जागच्या जागी राहतं का. ही परीक्षा घ्यायला ऑस्ट्रियाहून इन्स्पेक्टर येणार होता. तो पास म्हणाला तरच म्युनिसिपालिटीचा परवाना. आणि तो एकाच दिवसासाठी येणार होता. पुन्हा बोलवायला मालक तयार नव्हता. एकदा पास नाही झाली तर टाळंच लावतो, असं त्याने अहमदला बजावलं होतं.

वजन काय लादायचं, हा प्रश्न कॅस्मिरवर सोपवला होता. लोखंडी वजनं भाड्याने देणाऱ्याचं यार्डच बंद पडलं होतं. वाळू भरावी म्हटलं तर बर्फ सांभाळणारा मॅनेजर अंगावर धावून आला. बर्फावर वाळूचा एक कण पडला तरी तो तिथे बर्फ वितळवतो, स्की खराब करतो, त्यामुळे चारही बाजूंनी वाळूने वेढलेल्या त्या इमारतीत वाळूला सक्त बंदी होती. मग कॅस्मिरने पाणी निवडलं. लिटरला किलो, हिशोब सोपा. मोठे प्लॅस्टिकचे कॅन आणले, काठोकाठ भरले आणि आदल्या संध्याकाळीच खुर्च्यांना पट्ट्यांनी आवळून टाकले. सकाळी धावपळ नको.

काठोकाठ भरले आणि झाकणं त्याने स्वतः, एकूणएक, पिळून घट्ट केली. गल्फच्या साइटवर पाणी उघडं ठेवलं की आटतं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. वर्षभर तो त्या हॉलमध्ये जाड जॅकेट घालून वावरत होता, नाक लाल करून घरी जात होता. तरी पाणी म्हटल्यावर त्याच्या डोक्यात आलं ते ऊनच. दमट हवेत जन्म काढलेल्या माणसाला पाण्याचं दुसरं काही होऊ शकतं, हे ऐन वेळी सुचत नाही. त्याच्या हाताखाली मलबारी होते, बिहारी होते, पठाण होते. त्या झुंडीत एकालाही सुचलं नाही.

रात्री नवा बर्फ पाडण्यासाठी हॉलची थंडी वाढवतात. सकाळी कॅस्मिर आत शिरला आणि जिन्यावरच थबकला. पाणी गोठून फुगलं होतं आणि कॅन उभे तडकले होते. फटींतून बाहेर आलेल्या पाण्याचे ओघळ खुर्च्यांवर थिजले होते. कॅन खुर्च्यांना असे चिकटले होते, की हातोडा मारल्याशिवाय सुटणार नाहीत. काही कॅन पट्ट्यांतून निसटून खाली नुसतेच लोळत होते.

इन्स्पेक्टर पाठोपाठच आला. उंच, शांत, पिकलेल्या भुवयांचा माणूस. त्याने एका कॅनवर बोटाने टकटक केलं, तडा बघितला, मग कॅस्मिरकडे पाहिलं. रागावला नाही, हेच जास्त लागलं. आमच्याकडे शाळकरी पोरसुद्धा बर्फात भरलेली बाटली ठेवत नाही, असं तो इंग्रजीत म्हणाला आणि पुढे सांगू लागला. या डब्यांत आता नेमकं किती वजन उरलंय हे सांगता येत नाही आणि त्यांवर मी सही करू शकत नाही. माझं विमान रात्रीचं आहे. दुपारपर्यंत दुसरं खात्रीचं वजन आणा, नाहीतर मला माफ करा.

अहमदने डोळ्यांवर हात दाबून धरले. "कॅस्मिर," तो हळूच म्हणाला, "ये तुमने क्या किया."

चूक त्याचीच होती, त्याच्याच हातांनी केलेली, एकेक झाकण पिळून. तो बाहेर उन्हात येऊन उभा राहिला. डोळ्यांसमोर कॅमिलाचं अभ्यासाचं टेबल आलं. खात्रीचं वजन, खात्रीचं वजन, असं तो स्वतःशी पुटपुटत राहिला. काय असतं ज्याचं वजन आधीच पक्कं असतं, वर छापलेलं असतं, शिवून बंद केलेलं असतं? आणि लगूनच्या कडेने चालणारा राजाभाऊंचा आवाज त्याच्या कानात बोलू लागला.

त्याने फोन लावला.

"राजाभाऊ, तुमच्या गोडाऊनमधल्या पोत्यांचं वजन बरोबर असतं ना?"

"म्हणजे काय? चाळीस किलो म्हणजे चाळीस किलो. सकाळी सकाळी भांडायला फोन केलात?"

"मला एक ट्रकभर पोती हवीत. विकत नाही. संध्याकाळपर्यंत उसनी."

"अहो तुस्कानो, तांदूळ उसना मागतात तो वाटीभर."

मग कॅस्मिरने सगळं सांगितलं. लिफ्ट, कॅन, इन्स्पेक्टर, आणि शेवटी व्हिसा. राजाभाऊंनी मध्ये एकदाही टोकलं नाही, जे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. मग म्हणाले, "पोती भिजणार नाहीत ना?"

"आतमध्ये काहीही वितळत नाही, राजाभाऊ. तोच तर घोळ झालाय."

"ठीक आहे. साहेबाला मी काय ते सांगतो. ट्रकबरोबर मी स्वतः येतो. माझा माल मी कुणाच्या भरवशावर सोडत नाही."

आणि ते आले, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, पायात चपला. कुणीतरी त्यांना जॅकेट दिलं ते गुडघ्यापर्यंत पोचलं. तोवर कॅस्मिरच्या माणसांनी हातोड्यांनी बर्फ फोडून खुर्च्या मोकळ्या केल्या होत्या. इन्स्पेक्टरने रेस्टॉरंटच्या किचनमधला माल तोलायचा वजनकाटा मागवला आणि स्वतःच्या हाताने निवडून काही पोती तोलायला लावली. प्रत्येक पोतं चाळीसच्या किंचित वर भरलं. "किंचित वर ते बारदानाचं," राजाभाऊंनी तोऱ्यात सांगितलं. इन्स्पेक्टरला मराठी कळली नाही, पण तोरा कळला. त्याने मान हलवली आणि म्हणाला, चढवा.

प्रत्येक खुर्चीत आठ पोती, पट्ट्यांनी बांधलेली. लिफ्ट सुरू झाली. बासमती आरामात खुर्चीत टेकून वर निघाला, खांबांवरच्या चाकांतून खडखडत, भिंतीच्या भोकातून पलीकडच्या हॉलमध्ये.

"एवढ्या थाटात आमच्या साहेबालाही कुणी कुठे नेलं नाही," राजाभाऊ दात वाजवत म्हणाले.

कॅस्मिरला हसू आलं नाही. तो रोपवरच्या त्या एका जागेकडे बघत होता, जिथे जोड होता. इन्स्पेक्टरने हात वर केला आणि ब्रेक लागला. सगळ्या खुर्च्या एकदम पुढे झुलल्या, मागे झुलल्या, पोती पट्ट्यांत करकरली. कॅस्मिरने छातीवर क्रूस काढला. खुर्च्या हळूहळू स्थिरावल्या. जोड जागेवरून केसभरही सरकला नव्हता. ब्रेकची चाचणी पुन्हा झाली, मग उलट्या दिशेने, मग मोटर बंद पडल्यावर चालायच्या इंजिनावर. दर वेळी कॅस्मिर जोडाकडे डोळे लावून उभा राहिला आणि दर वेळी लिफ्ट जिथे थांबायला हवी तिथे थांबली.

शेवटी इन्स्पेक्टर खाली आला, हातमोजा काढला आणि कॅस्मिरपुढे हात केला. लिफ्ट उत्तम आहे, तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाला, जोड कुणी केला? कॅस्मिरने स्वतःकडे बोट दाखवलं. पाणी मात्र दुसऱ्या कुणाला भरायला सांगत जा, म्हणून इन्स्पेक्टर पहिल्यांदा हसला.

अहमदने तिथूनच मालकाला फोन लावला. अरबीतलं फारसं कॅस्मिरला कळत नव्हतं, पण अहमदच्या चेहऱ्यावरून कळलं. "खलास," फोन ठेवून अहमद म्हणाला, पण या वेळी त्या शब्दाचा रंगच निराळा होता. "डोंगर चालू होगा. मेन्टेनन्स तुम्हारा. व्हिसा रिन्यू. यल्ला, घर जाओ, तुम्हारा शकल देखा नहीं जाता."

कॅस्मिरचा जीव भांड्यात पडला. कॅमिला तिची परीक्षा तिच्याच शाळेत देणार होती. तो राजाभाऊंकडे वळला, काहीतरी बोलायला हवं म्हणून, पण राजाभाऊ पोती मोजण्यात गुंतले होते आणि डोळे त्यांचेही ओले झाले होते. "थंडीने," त्यांनी न विचारताच सांगितलं.

घरी जाताना ट्रॅफिकमध्ये कॅस्मिरने ठरवलं, की लिलीला काय सांगायचं. आज टेस्ट झाली, बरी झाली, एवढंच. नोकरी पक्की असल्याचं तर आपण तिला कधीच सांगून ठेवलंय. मग आता सुटका कसली दाखवायची?

दार लिलीने उघडलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"शोभनावहिनी येऊन गेल्या," ती म्हणाली. शोभना म्हणजे राजाभाऊंच्या पत्नी. "राजाभाऊंनी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. पास झाली ना?"

"झाली."

"मग राहायचं ना आपण?"

"राहायचं."

लिली सोफ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, एवढं, की कॅस्मिर घाबरला. त्याने तिला इतकं मोकळं रडताना तिची आई गेली तेव्हाच बघितलं होतं. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पलंगाखालच्या बॅगा तेवढ्या ओढून काढ. मला वाकता येत नाही."

त्याने पहिली बॅग ओढली. ती जड होती. त्याने चेन उघडली. आत त्याचा लग्नातला सूट होता. आईवडिलांची फ्रेम टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती. कॅमिलाचा लहानपणच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीतला पांढरा झगा, नाताळच्या गोठ्यातल्या मातीच्या मूर्ती, एकेक वर्तमानपत्रात बांधलेली. तो भिंतीकडे बघू लागला. फ्रेमच्या जागी नुसता खिळा होता, आणि तो आपल्याला आजवर दिसला कसा नाही, हे त्याला कळेना.

"हे कधी भरलंस?"

"नोकरी पक्की आहे असं तू जेवताना म्हणालास ना, त्याच आठवड्यात." ती उठून त्याच्याजवळ जमिनीवर बसली. "पक्की असती तर तू कशाला सांगितलं असतंस?"

कॅस्मिरला एकदम भान आलं आणि त्याने आवाज खाली आणला. "कॅमिलाला यातलं काही कळलेलं नाही ना?"

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. कॅमिला दारात उभी होती, हातात भूगोलाचं पुस्तक, बोट पानात खुपसलेलं. ती पुढे आली, पलंगाखालची दुसरी, निळी बॅग तिने ओढली आणि गुडघे टेकून तिचं कुलूप उघडायला बसली. किल्ली तिच्याच गळ्यातल्या साखळीत होती.

"डॅडी," ती म्हणाली, "आय पॅक्ड दिस वन."